गड उतार, भजी चढ

जुलै २०२५मध्ये लोहगड जागतिक वारसा यादीत गेला. पायथ्याच्या कांदाभज्यांची युनेस्कोने दखल घेतली नाही. रविवारची गर्दी पाहता गडापेक्षा वारसा त्यांचाच मोठा.

पूर्वी मळवलीला लोकलमधून उतरायचं, भाजे गावातून गायमुख खिंडीपर्यंत पाय तोडत यायचं आणि मग गडाला हात घालायचा. आता गाडी लोहगडवाडीत पायऱ्यांपाशी येते. आठवडाभर हिंजवडीच्या खुर्चीत रुतलेला जीव गणेश दरवाजातच धापा टाकत मनगटावरच्या घड्याळाला नाडी विचारतो. नारायण दरवाजात सेल्फी, हनुमान दरवाजात बसकण, महादरवाजात घोषणा. सहा दिवस बूड हलवायचं नाही आणि सातव्या दिवशी हृदयाला एकदम पळवायचं, यालाच फिटनेस म्हणतात. रोज चालणाऱ्याला सोसतात त्याच पायऱ्या बसणाऱ्याच्या काळजावर येतात.

उतरल्यावर वसुली. "मावशी, दोन प्लेट भजी, आणि मॅगीत चीज सढळ हातानं!" दिवसभरात ५ ग्रॅमच्या आत मीठ खा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ५ ग्रॅम म्हणजे सपाट चमचाभर. मॅगी, भजी, तळलेली मिरची आणि वेफर्स झाले की चमचा बराचसा भरला. घरचं जेवण अजून बाकीच. कढईतलं तेल सकाळी सोनेरी असतं, दुपारच्या घाण्याला त्याचा रंग कुणी विचारत नाही. परतीच्या वाटेवर लोणावळ्याचा फज आहेच.

"मी बारीक आहे, मला काय होतंय?" हेही ठरलेलं. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा जोडीने काढलेला फोटो २००४मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, आपल्या पुणेकरांची २१.२! आपली चरबी शर्टाच्या मापात सापडत नाही, पोटात दडून बसते. त्याच वर्षीच्या ५२ देशांतल्या 'इंटरहार्ट' पाहणीत दक्षिण आशियातल्यांचा हृदयविकाराचा पहिला झटका साधारण त्रेपन्नाव्या वर्षी आलेला दिसला, बाकीच्यांचा एकोणसाठीच्या आसपास. परदेशाच्या पुढे जायची हौस आपण अशी भागवतो.

आणि गावकरी? मावळात इंद्रायणी तांदूळ पिकवणारी खाचरं विकून बंगले उठले, उरल्यासुरल्यात पार्किंग. आजी गवताचा भारा डोक्यावर घेऊन खिंड चढायची. नातू चार घरं पलीकडच्या दुकानात जायला बाईकला किक मारतो. पाहुण्यांना चुलीवरचं पिठलं-भाकरी 'गावरान' म्हणून वाढायचं, आणि घरातल्या पोराच्या हातात कुरकुऱ्यांचं पाकीट.

परवा एका साहेबांनी ताक मागितलं. साखर नाही ना, हे दोनदा विचारून घेतलं. शुगर आहे म्हणाले. ताक घोट घोट प्यायले, घड्याळात पाहिलं आणि भज्यांची दुसरी प्लेट सांगितली. जाळलेल्यातल्या दोनशे कॅलरी अजून शिल्लक होत्या.