फ्लॅट विकला, गरिबी आली

घटस्फोटानंतर कोथरूडचा सामाईक फ्लॅट दीड कोटीला जातो आणि त्याच आठवड्यात बाबांच्या घरी दारिद्र्य मुक्कामाला येतं. रजनेश विरुद्ध नेहा या २०२०च्या निकालापासून पोटगीच्या दाव्यात मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यावं लागतं. मुलाच्या फीचा विषय निघाला की त्यात नुसती देणीच दिसतात. पण खरेदीदाराने १ टक्का टीडीएस कापून बाबांच्या पॅनवर भरलेला असतो. तो चुगली करतोच. दीर्घकालीन भांडवली नफ्यावर १२.५ टक्के कर. दोन वर्षांत नवं घर घेतलं तर सूट. म्हणजे एक संसार मोडून दोघांनी दोन घरं घेतली की सरकार खूश. मुलाच्या पोटगीला मात्र वजावट नाही. असती, तर कित्येक बाप मार्चअखेरीस आपणहून, पावती मागत, कोर्टात हजर झाले असते.