रिमोटच्या रचनाकारास अनावृत पत्र

मेहेरबान रचनाकार साहेबांचे सेवेशी,

परभणी मुक्कामाहून अर्जदाराचा नमस्कार, विनंती विशेष. हा जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. त्यामुळे दरख्वास्त कशी गुदरावी, हुजुरांची मर्जी कशी सांभाळावी आणि फर्मानाचा अर्थ लागला नाही तरी मान कशी तुकवावी, याचे शिक्षण आमच्या वाडवडिलांस यथास्थित मिळालेले आहे. तथापि घरच्या प्रोजेक्टरसोबत आपण जो रिमोट धाडलात, त्याच्यापुढे ही सारी वडिलोपार्जित विद्या निष्प्रभ ठरली, हे हुजुरांच्या कानी घालणे भाग आहे.

प्रथम आपल्या समदृष्टीचे अभिनंदन. आवाज कमी करणारे, यंत्र बंद करणारे आणि चित्र वाकडे करणारे, अशी सारी बटणे आपण एकाच आकाराची, एकाच उंचीची आणि काळ्या अंगावर करड्या अक्षरांची घडविलीत. त्यांत उच्चनीचभाव ठेवला नाहीत. प्रोजेक्टर दिवे मालवूनच पाहावयाचा असतो, ही वार्ता आपल्या कचेरीपर्यंत पोचली असावी, असा आमचा भाबडा समज होता. बटणे उजळविणारे एक बटण आपण दिले आहे, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. मात्र ते स्वतः उजळत नसल्याने त्याच्या शोधार्थ खोलीतला दिवा लावावा लागतो, आणि दिवा लागल्यावर त्याचे प्रयोजनच उरत नाही.

परवा शांतारामबापूंचा १९७२ चा ‘पिंजरा’ हा चित्रपट लावला होता. गुरुजी स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली उभे राहतात, त्या ऐन प्रसंगी आमच्या आत्याबाईंनी आवाज वाढविण्याचा हुकूम सोडला, आणि अंगठ्याखाली आले कीस्टोनचे बटण. यंत्राचा झोत तिरपा पडला की चौकटीचा समलंब चौकोन होतो. तो सरळ करण्याची ही सोय, यंत्र छताला टांगणाऱ्या कारागिरास एकदाच लागणारी. ती घटकेघटकेला लागणाऱ्या आवाजाच्या शेजारी बसविण्यात आपला काही गहन तात्त्विक हेतू असेलच, परंतु गुरुजी झालेल्या डॉक्टर लागूंचे मस्तक निमुळते आणि चरण विस्तीर्ण झालेले पाहून आत्याबाईंनी, “हे बी त्या तमाशातल्या बाईमुळंच झालं का रे?” असे विचारले, त्यास आमच्यापाशी उत्तर नव्हते.

१९५६ साली अमेरिकेत रॉबर्ट ॲडलर यांनी झेनिथ कंपनीसाठी ‘स्पेस कमांड’ नावाचा रिमोट सिद्ध केला, त्यात सेलदेखील नव्हते. आतली हातोडी ॲल्युमिनियमच्या कांडीवर पडे आणि मनुष्याच्या कानास न कळणारा नाद हुकूम पोचवी. चार कांड्या, चार हुकूम, कारभार आटोपला. आपला रिमोट अदृश्य अशा अवरक्त किरणांनी बोलतो. यंत्र आमच्या पाठीमागे छताला, म्हणून किरण पडद्यावर आपटवून मागे धाडावा, तर वाटेत पंख्याचे पाते आडवे येते. पंखा थांबविण्याचा सल्ला मात्र देऊ नये. मे महिन्यात येथे पारा चव्वेचाळीस ओलांडतो. यंत्र बंद करण्यास तेच बटण दोनदा दाबण्याचा आपला दस्तूर आम्हांस मान्य आहे, कारण चुकून बंद झाल्यास तापलेला दिवा निवेपर्यंत थांबावे लागते. आमच्याकडची वीज जाताना दुसऱ्यांदा विचारीत नाही, एवढेच.

यात्रेतल्या टुरिंग टॉकीजचा ऑपरेटर जळत्या कार्बनच्या कांड्यांमधले अंतर हाताने सांभाळीत तंबूभर लोकांना सिनेमा दाखवी. त्याच्या यंत्राची मूठ, खिट्टी आणि चाक यांची घडण निरनिराळी असल्यामुळे अंधारातही त्याचा हात चुकत नसे. त्यास आराखडा काढण्याची विद्या नव्हती, आणि आपणांस अंधारात बसण्याचा प्रसंग आला नसावा. नुकसान आमचे झाले.

सबब दरख्वास्त इतकीच, की आवाजाच्या बटणांना बोटास कळेल असा उंचवटा द्यावा, कीस्टोन झाकणाआड नजरकैदेत ठेवावे आणि उजळविणाऱ्या बटणास स्वतःचे तेज द्यावे. नव्या नमुन्यास मंजुरी देण्यापूर्वी मे महिन्यात आपण परभणीस अवश्य यावे. मुक्कामाचा बंदोबस्त आमच्याकडे. आत्याबाईंच्या शेजारची जागा राखून ठेवली आहे, आणि दिवे मालवल्यावर रिमोट आपल्याच हाती राहील.

कळावे,
आपला आज्ञाधारक (आज्ञा पोचल्यास),
एक अर्जदार