'व्हीएफएक्स भंगार' म्हणणाऱ्यास खुलं पत्र

मित्रा,



सुपरहिरोंच्या सिनेमांवरची तुझी मतं मी गेली कित्येक वर्षं ऐकतो आहे. मे २०२२ मध्ये 'शी-हल्क'चा ट्रेलर आला, तो पुरता संपायच्या आत तुझा निकाल लागलेला होता: व्हीएफएक्स भंगार. 'थॉर: लव्ह अँड थंडर'च्या वेळी तेच. पुढच्या वर्षी 'द फ्लॅश' आला तेव्हाही तेच. मार्व्हल असो की डीसी, सिनेमा असो की मालिका, तुझे दोन शब्द ठरलेले. मग एखादी फ्रेम थांबवायची, तिचा फोटो घ्यायचा, त्यावर लाल गोल काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली की तुझा दिवस सार्थकी लागतो. उचलली जीभ लावली टाळ्याला, हे तुझ्या इतकं अंगवळणी पडलंय की त्यात रोज कुणावर तरी अन्याय होतोय, हे तुझ्या गावीही नाही.

वाईट दिसणाऱ्या शॉटला वाईट म्हणायला माझी अजिबात ना नाही. 'ब्लॅक पँथर'ने वेशभूषा, कलादिग्दर्शन आणि संगीत अशी तीन ऑस्कर घेतली, पण त्याच सिनेमात खाणीतल्या रेल्वेमार्गावर होणारी शेवटची मारामारी बघवत नाही. लढणाऱ्या दोघांच्याही अंगाला वजनच नाही. हे म्हणायला हवं, मीही म्हणतो. माझं भांडण तुझ्या पुढच्या वाक्याशी आहे. "या आर्टिस्ट लोकांना कामच येत नाही," हे ते वाक्य. चोर सोडून संन्याशाला फाशी देतोस तू, आणि तीही टाळ्यांच्या गजरात.

तुझा सगळ्यात आवडता विनोद घेऊ. 'जस्टिस लीग'मधला सुपरमॅनचा ओठ. २०१७ मध्ये घरातल्या दुःखद घटनेमुळे दिग्दर्शक झॅक स्नायडर बाजूला झाला, जॉस व्हीडन आला आणि सिनेमाचा बराच भाग नव्याने चित्रित करायचं ठरलं. तोवर सुपरमॅनचं काम करणारा हेन्री कॅव्हिल 'मिशन इम्पॉसिबल: फॉलआउट'साठी मिशी राखून बसला होता. ती काढायला त्या सिनेमाच्या पॅरामाउंट स्टुडिओने नकार दिला. 'जस्टिस लीग'च्या वॉर्नर स्टुडिओने मिशीसकट शूटिंग उरकलं आणि ती कॉम्प्युटरवर पुसून टाकायचं ठरवलं. आता वरचा ओठ म्हणजे चेहऱ्यावरची केवढी हलती जागा! बोलताना तिथली कातडी ताणते, हसताना आकसते, आतल्या दातांचा उंचवटा तिच्यावर उमटतो, नाकाची सावली तिच्यावर सरकते. मिशीखालचा तो ओठ कॅमेऱ्याने पाहिलेलाच नव्हता. आर्टिस्टला तो मुळातून घडवायचा होता, आणि समोर माणसाचा असा चेहरा होता जो जगातल्या प्रत्येकाला पाठ आहे. प्रदर्शनाची नोव्हेंबरची तारीख मात्र जागची हलली नाही. सिनेमा उघडतो तोच मुलांच्या फोनवर बोलणाऱ्या सुपरमॅनवर, आणि पहिल्याच वाक्याला त्याचा ओठ खटकतो. दोन बलाढ्य स्टुडिओंना एका मिशीवरून समजुतीने तोडगा काढता आला नाही. आणि तू हसलास कुणाला? कॉम्प्युटरपुढे डोळे फोडत बसलेल्याला.

आता त्याच आर्टिस्ट लोकांचं जे काम तुला दिसलंच नाही, त्याबद्दल बोलू. 'अव्हेंजर्स: एन्डगेम'मध्ये सगळे भूतकाळात जायला निघतात तेव्हा पांढरे-लाल सूट घालून एका रांगेत चालत येतात. त्या दृश्याला तू थिएटरात शिट्ट्या मारल्या होत्यास. ते सूट कधी शिवलेच गेले नव्हते. शूटिंगच्या वेळी त्यांचं डिझाइन पक्कं झालं नव्हतं, म्हणून ते सगळे नंतर कॉम्प्युटरवर घडवले गेले. प्रत्येक चुणी, शिवणीवरचा प्रकाश, मान वळली की कॉलरची होणारी हालचाल, सगळं. एवढ्या मोठ्या दृश्यात खरे होते ते नटांचे चेहरे. त्या सुटांवर एकही लाल गोल मी पाहिलेला नाही, तुझाही नाही. त्या सिनेमात अडीच हजारांच्या आसपास व्हीएफएक्सचे शॉट आहेत. त्यातले तुला खटकले किती? बोटावर मोजण्याइतके. बाकीच्यांचं श्रेय तू दिग्दर्शक रुसो बंधूंना देऊन मोकळा झालास.

'गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी ३' पाहून तू रडलास, हे तूच सांगितलं होतंस. पिंजऱ्यात जन्म काढलेला छोटा रॅकून रॉकेट, त्याची मैत्रीण लायला, आभाळ कसं असेल याची त्यांची चर्चा. त्या पिंजऱ्यातला एकही जीव कॅमेऱ्यासमोर नव्हता. मोठ्या रॉकेटसाठी सेटवर शॉन गन गुडघ्यांत वाकून वावरायचा, आवाज ब्रॅडली कूपरचा, आणि डोळ्यांतलं पाणी, नाकपुड्यांची थरथर, अंगावरचा केस न् केस आर्टिस्ट लोकांचा. बाहेर येऊन तू म्हणालास, "जेम्स गनने रडवलं." शॉट चांगला निघाला की दिग्दर्शकाचा आणि फसला की आर्टिस्टचा, हा कुठला न्याय?

माझी भाची गोरेगावच्या एका स्टुडिओत रोटो करते. रोटो म्हणजे काय, हे तू तिच्या मागे उभं राहून एकदा बघच. पडद्यावर एक बाई पावसात पळते आहे. मागे हिरवा पडदा नाही, कारण ऐनवेळी ठरलं की मागचं शहर बदलायचं. म्हणून त्या बाईला चित्रातून वेगळं काढायचं आहे. भाची तिच्या कडेकडेने पॉइंट टाकत जाते. दंडाचा आकार वेगळा, कोपराखालचा वेगळा, प्रत्येक बोटाचा वेगळा, सुटलेल्या बटांचे तर आणखी किती तरी. एका सेकंदात २४ फ्रेम. पाच सेकंदांचा शॉट म्हणजे १२० फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेममध्ये ते सगळे पॉइंट तपासून सरकवायचे. हात वेगाने फिरला की त्याची कड पुसट होते. ती पुसट कडसुद्धा तेवढीच पुसट ठेवायची. काम दिलं की सुपरवायझरचं टिपण येतं: डाव्या खांद्याची कड थरथरते आहे. पुन्हा बसायचं. मागे तिचा असाच एक शॉट अनेक रात्री जागून पुरा झाला आणि मग निरोप आला, शॉट ओमिट. म्हणजे सिनेमातूनच काढला. ती मला म्हणाली, "मामा, निदान कुणी वाईट तरी म्हणालं असतं." हे ऐकल्यापासून तुझे लाल गोल मला सहन होईनासे झाले.

शॉट फसतो तो का, हे तुला ठाऊक नाही. जाणून घ्यायची तसदी तू घेतली नाहीस. मोठा स्टुडिओ व्हीएफएक्सचं काम अनेक कंपन्यांत वाटतो. कंपन्या बोली लावतात आणि बहुतेक वेळा ठरलेल्या रकमेत काम घेतात. बोली कमी लावली नाही तर काम दुसऱ्याकडे जातं. एकदा काम घेतलं की बदल सुरू होतात. खलनायकाचा पोशाख बदलतो, शेवट बदलतो, अख्खी लढाई दिवसाची रात्री होते. रक्कम तीच, तारीखही तीच, कारण ती तारीख सिनेमा लिहून व्हायच्या आधी जाहीर झालेली असते. पंगत बसल्यावर यजमानाने आचाऱ्याला सांगावं की बासुंदी नको, श्रीखंड करा, आणि श्रीखंड पातळ झालं म्हणून पाहुण्यांनी आचाऱ्याला शिव्या द्याव्यात, तसा हा प्रकार आहे. त्या पंगतीत सगळ्यात मोठा आवाज तुझा असतो.

२०२१ हे एकच साल बघ. मार्व्हलचे चार सिनेमे आणि पाच मालिका एका वर्षात आल्या. पुढच्याच वर्षी 'शी-हल्क', जिची नायिकाच बराच वेळ डिजिटल! सिनेमात जे काम दोन तासांसाठी होतं, ते नऊ भागांच्या मालिकेत करायचं. त्याच वर्षी मार्व्हलच्या कामाखाली पिचलेले आर्टिस्ट नाव लपवून का होईना, पण जाहीरपणे बोलू लागले. त्याच सुमारास 'थॉर'चा दिग्दर्शक टायका वायटिटी आणि त्यातली नटी टेसा थॉम्पसन एका व्हिडिओत आपल्याच सिनेमातल्या एका शॉटवर हसताना दिसले. तो व्हिडिओ तू मला मोठ्या हौसेने पाठवला होतास. ज्याने सिनेमा केला त्यानेच आपल्या कारागिरांची टर उडवावी, यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही. 'शी-हल्क'ची नायिका तातियाना मस्लानी ऑगस्टमध्ये पत्रकारांसमोर आर्टिस्टच्या बाजूने उभी राहिली, त्यांना किती घाईत काम करावं लागतं हे बोलली. ती बातमी तू पाठवली नाहीस.

या कामाची किंमत काय आहे, तेही सांगतो. फेब्रुवारी २०१३ मध्ये 'लाइफ ऑफ पाय'ला व्हीएफएक्सचं ऑस्कर मिळालं. त्यातला वाघ घडवणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूज या कंपनीने त्याच्या दोनच आठवडे आधी दिवाळखोरीचा अर्ज केला होता. बक्षीस घेणारा बिल वेस्टनहोफर त्याबद्दल बोलू लागताच 'जॉज'चं संगीत वाजवून त्याला गप्प करण्यात आलं. बाहेर रस्त्यावर आर्टिस्ट निदर्शनं करत होते. या कंपनीची शाखा मुंबईतही होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर ही व्हीएफएक्स कंपनी कोसळली आणि बंगळुरू-मुंबईतले हजारो जण काही दिवसांत घरी बसले. मधल्या काळात एक चांगली गोष्ट घडली: सप्टेंबर २०२३ मध्ये मार्व्हलच्या स्वतःच्या व्हीएफएक्स कर्मचाऱ्यांनी एकमताने युनियनच्या बाजूने मत दिलं. नट, लेखक, कॅमेरावाले, रंगभूषाकार यांच्या युनियन हॉलिवूडमध्ये कैक दशकं आहेत. या लोकांना एवढी वर्षं वाट पाहावी लागली. आणि ती युनियनही अमेरिकेतल्या त्या चार भिंतींपुरतीच. गोरेगावला तिचा काडीचा उपयोग नाही.

तुझं दुसरं लाडकं मतही इथेच निकालात काढू. "हॉलिवूडचं बघा, आपल्याला जमत नाही." अरे, हॉलिवूडचं म्हणून जे तू बघतोस त्यात आपल्याच पोरापोरींचे हात आहेत. 'व्हेनम'वर काम करणारी डीनेग ही लंडनची कंपनी २०१४ पासून मुंबईच्या प्राइम फोकसच्या हातात आहे. मुंबई, बंगळुरू, हैदराबाद, चेन्नई इथे बसून ही माणसं परदेशी सिनेमांची रोटो, पेंट, मॅचमूव्ह, कंपोझिटिंग अशी व्हीएफएक्सची कामं करतात. तीच माणसं, तेच सॉफ्टवेअर. बदलतो तो वेळ आणि पैसा. आणि आपल्याकडे नीट आखून काम केलं की काय होतं, ते २०२५ मध्ये मल्याळम 'लोका'ने दाखवलं. तीसेक कोटींत केलेला सुपरहिरोइनचा सिनेमा, आणि तू स्वतः म्हणालास की कुठे खटकलं नाही. जिथे दिग्दर्शकाला काय हवंय हे आधी ठाऊक असतं, तिथे आर्टिस्टला काम येतं, हे कसं?

हे वाचून तू म्हणशील, मी तिकीट काढलंय, मला बोलायचा हक्क आहे. बोल की! पण धड बोल. कुठला शॉट, त्यात काय बिघडलं: प्रकाश जुळत नाही की वजन जाणवत नाही, की चेहरा मेणाचा वाटतो? शेवट किती वेळा बदलला, तारीख कुणी पुढे सरकवू दिली नाही, हे विचार. तारीख सरकवता येत नाही, अशातला भाग नाही. 'अव्हेंजर्स: डूम्सडे' १ मे २०२६ला येणार होता, डिस्नेने ती तारीख बदलून १८ डिसेंबर केली. मनात आणलं की होतं. तुझ्यासारखे लाखो प्रेक्षक "व्हीएफएक्स भंगार" याऐवजी "यांना वेळ का दिला नाही?" असं विचारायला लागले, तर स्टुडिओवाल्यांना ते ऐकावं लागेल, कारण त्यांना फक्त तिकिटाची भाषा कळते आणि तिकीट तुझ्या खिशात आहे.

आणखी एक विनंती. श्रेयनामावली चालू असताना तू थिएटरात बसून राहतोस, मला ठाऊक आहे. २००८ च्या 'आयर्न मॅन'नंतर सगळेच बसतात, शेवटचा तुकडा बघायला. त्या वेळी मोबाइल खाली ठेव आणि वर बघ. कुलकर्णी, पाटील, शेख, नायर, रेड्डी अशी नावं बारीक अक्षरांत झरझर सरकत जातात. तीही सगळ्यांची नसतात. कुठल्या कंपनीला किती नावं मिळणार हे बरेचदा आधीच ठरवून दिलेलं असतं. माझ्या भाचीचं नाव अजून एकाही सिनेमात आलेलं नाही. जे लोक तारखा ठरवतात, शेवट बदलतात आणि बोली पाडून घेतात, त्यांची नावं शोधायला तुला तिथवर थांबावंही लागणार नाही. ती सगळ्यात आधी येतात, मोठ्या अक्षरांत, एकेकटी. लाल गोल काढायचाच असेल तर तिथे काढ.

तुझा,
शेजारच्या सीटवरचा