हाफ तिकीट आणि आजीचे गुडघे

मराठी घरात मुलाचं वय जन्मतारखेवरून ठरत नाही, तिकिटावरून ठरतं. एसटीत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही आणि बारापर्यंत अर्धं, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक आईला तोंडपाठ असतं. त्यामुळे कित्येक मुलं पहिलीत गेली तरी कंडक्टरसमोर साडेचार वर्षांचीच राहतात. अशा मुलाला मांडीवर ओढून "पाय पोटाशी घे" म्हणून दटावायचं आणि त्याने नेमकं तेव्हाच "आई, परवा मी सहा वर्षांचा झालो ना?" असं खणखणीत आवाजात विचारायचं, हा प्रयोग स्वारगेटपासून सावंतवाडीपर्यंत रोज हाऊसफुल्ल चालतो. रेल्वेने २०१६ साली पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण तिकीट लावलं. तेव्हापासून एकाच बर्थवर आई, मूल, चादर आणि डब्याची पिशवी असा संसार पुन्हा जोमाने थाटला जातो.

क्रूझने ही सगळी रीत उलटी करून टाकली. इथे वय चोरायचा नाही, वाढवून सांगायचा मोह होतो. २०२१ पासून मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपला जाणारी क्रूझ सुरू झाली आणि एरवी सिंगापूर गाठून करायची हौस टॅक्सीने बॅलार्ड पिअरला जाऊन भागू लागली. तेव्हापासून आमच्या सोसायटीच्या कोजागिरीला दुधाचा दुसरा ग्लास हातात आला की एक विषय हमखास निघतो: मुलं केवढी झाली की क्रूझला न्यावीत? यावर गच्चीत जितकी कुटुंबं तितकी मतं. "लहान असतानाच न्या, तिकीट कमी लागतं" हे एक मत. "कळत्या वयात न्या, लक्षात तरी राहील" हे दुसरं. तिसरं मत मुलांची लग्नं उरकलेल्या काकांचं असतं. ते म्हणतात, "न्यायचंच कशाला?"

कंपन्यांचे नियम विचारले तर चित्र असं दिसतं. रॉयल कॅरिबियन, डिस्नी अशा मोठ्या कंपन्या सहा महिन्यांखालच्या बाळाला जहाजावर घेत नाहीत आणि महासागर ओलांडणाऱ्या लांबच्या सफरीला ही अट एक वर्षाची होते. कारण साधं आहे. जहाजावर डॉक्टर असतो, छोटा दवाखाना असतो, पण तान्ह्या बाळाचं काही बिनसलं तर बालरोगतज्ज्ञ कुठून आणणार? नियम तर जन्माच्याही आधी सुरू होतो. प्रवास संपेपर्यंत चोविसावा आठवडा लागणार असेल, तर गरोदर बाईला बहुतेक कंपन्या तिकीट देत नाहीत. व्हर्जिन व्हॉयेजेससारख्या कंपनीने तर वादच मिटवला आहे: अठरा वर्षांखाली कोणीच नको. आमच्या सोसायटीतल्या बऱ्याच आया त्या कंपनीचं नाव फार आदराने घेतात.

हे नियम मी सासूबाईंना वाचून दाखवले तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "मग आमची आई माहेरी गेली कशी असती गं?"

प्रश्न बिनतोड होता. सासूबाई देवगडकडच्या. त्यांच्या लहानपणी कोकणात रेल्वे नव्हती. ती पूर्ण धावायला १९९८ साल उजाडलं. मुंबई-गोवा रस्ता होता, पण हाडं खिळखिळी करणारा. खरा रस्ता समुद्राचा. भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटायची ती हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत पणजीला जायची. पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी जायची ती बोटीने, आणि तीन महिन्यांचं बाळ घेऊन मुंबईच्या बिऱ्हाडी परतायची तीही बोटीनेच. आजच्या नियमांनी आमच्या आजेसासूबाईंना जातानाही धक्क्यावर अडवलं असतं आणि येतानाही. अर्ध्या कोकणाची पहिली पिढी आजोळीच वाढली असती.

त्या बोटीला किड्स क्लब नव्हता. डेकवर सतरंजी पसरायची, ट्रंकेला पाठ टेकायची, बाळाला पदराखाली घ्यायचं. कोणाला बोट लागली तर शेजारीण लिंबू पुढे करायची आणि थोड्या वेळाने तेच लिंबू तिला स्वतःला लागायचं. उतरण्याचा प्रकार तर आजच्या सुरक्षा अधिकाऱ्याला घेरी आणणारा होता. बऱ्याच बंदरांत धक्काच नसल्याने बोट खोल पाण्यात उभी राहायची, बाजूला पडाव येऊन हेलकावत राहायचा आणि खलाशी माणसं, ट्रंका, पोती आणि पोरं एकाच तालात खाली घ्यायचे. आईच्या हातातलं बाळ खलाशाच्या हातात, त्याच्या हातातून पडावातल्या अनोळखी मावशीच्या मांडीवर, आणि मग आई. पावसाळ्यात कोकणची लांब पल्ल्याची बोट बंद असायची, आणि समुद्राची भीती कोणाला वेगळी शिकवावी लागत नव्हती. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. ती आठवण कोकणातल्या घरांनी पुढे कित्येक वर्षं जपली. तरीही लोक बोटीने जात राहिले, कारण घरी जायचं होतं. मुलाचं वय कोणी विचारलं नाही, कारण दुसरा मार्गच नव्हता.

आम्हाला मार्गही होते आणि मुलाला नेण्याची सक्तीही नव्हती. म्हणूनच आम्ही वयावर इतका काथ्याकूट करू शकलो. शेवटी लक्षद्वीपच्या सफरीला निघालो ते सगळे मिळून: आम्ही, आमचा आठ वर्षांचा चिरंजीव, दीर-जाऊ, त्यांची दीड वर्षांची छकुली आणि सासूबाई. एका जहाजावर तीन वयं शेजारी शेजारी पाहायला मिळाली, आणि गच्चीतल्या सगळ्या मतांचा तिथे निकाल लागला.

छकुलीला क्रूझ म्हणजे काय, हे कळायचं कारण नव्हतं. तिच्या लेखी ते हॉटेलही नव्हतं आणि जहाजही नव्हतं. ती होती एक न संपणारी गालिच्याची ओसरी, आणि तिच्यावरून आई-बाबांनी आपल्यामागे धावायचं होतं. किड्स क्लब साधारणपणे तीन वर्षांनंतरच्या आणि लंगोट सुटलेल्या मुलांसाठी असतात, त्यामुळे ती तिथे बाद. डायपरवाल्या बाळांना तलावात उतरू न देण्याचा नियम बहुतेक मोठ्या जहाजांवर असतो, त्यामुळे तिथेही बाद. तिने दिवसभर काय केलं? लिफ्टचं बटण दाबलं. दार उघडलं की टाळ्या, बंद झालं की रडणं. जाऊबाईंनी अरबी समुद्र बघितला तो लिफ्टच्या काचेतून. दुपारी बाळ झोपलं की दोघांपैकी एकाने खिडकी नसलेल्या केबिनमध्ये अंधारात बसून राहायचं. एवढा खर्च करून आळीपाळीने अंधारात बसणाऱ्या नवरा-बायकोला बघून माझ्या मनात आलं, हे दादरच्या फ्लॅटमध्ये फुकट जमलं असतं.

एक गोष्ट मात्र छकुलीच्या बाजूने होती: तिला बोट लागली नाही. दोन वर्षांखालच्या मुलांना प्रवासात मळमळ क्वचितच होते. तिचा जोर असतो साधारण सात ते बाराच्या वयात, म्हणजे नेमकं तेव्हा, जेव्हा मूल बाकी सगळ्या दृष्टीने क्रूझला लायक झालेलं असतं. निसर्गाचा हा खोडसाळपणा आमच्या चिरंजिवांनी पहिल्याच रात्री सिद्ध करून दाखवला. बुफेत छत्तीस पदार्थ मांडलेले असताना त्याने वरणभात, फ्रेंच फ्राइज आणि तीन रंगांचं आइस्क्रीम एवढंच खाल्लं होतं, आणि ते त्याच क्रमाने परत दिलं. सासूबाईंनी बटव्यातून आवळा सुपारी काढली. केबिन खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मध्यावर असेल तर हेलकावे कमी जाणवतात, ही माहिती आम्हाला शेजारच्या केबिनमधल्या गृहस्थांनी दिली. त्यांची केबिन खालच्या मजल्यावर मध्यावर होती.

पण त्याच दिवशी जहाज सुटण्याआधी तोच मुलगा वेगळा होता. आपत्कालीन सराव सुरू झाला. भोंग्याचे सात आखूड आणि एक लांब आवाज झाले की सगळ्यांनी आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं. छकुली भोंग्याला घाबरून आईच्या गळ्यात. नवरा "हे कंपल्सरी असतं का?" असं कुजबुजत होता. चिरंजीव मात्र लहान मुलांचं नारिंगी जॅकेट चढवून, त्याला लावलेली शिट्टी सापडल्याच्या आनंदात, आमच्या अख्ख्या कुटुंबाला रांगेत उभं करत होता. "आजी, तुझा पट्टा सैल आहे." ज्या मुलाच्या बुटाची लेस अजून मी बांधते, त्याने आजीच्या जॅकेटचा पट्टा आवळला. क्रूझला मूल तयार झालं की नाही, हे कळायला मला एवढं पुरलं. आपली केबिन कोणत्या मजल्यावर आहे हे त्याला पाठ असतं, कठड्यावर चढायचं नाही हे दोनदा सांगावं लागत नाही, आणि रात्री घाबरला तर उठून हाक मारता येते. ही तीन कामं येणारं मूल सहाचंही असेल, नऊचंही असेल.

थांबून थांबून फार थांबलं तरी पंचाईत आहे. आमच्या टेबलावर एका कुटुंबातली चौदा वर्षांची मुलगी होती. जमीन दिसेनाशी झाल्याबरोबर मोबाइलचं नेटवर्क गेलं आणि वाय-फायचे पैसे वेगळे असल्याचं कळलं, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जी कळा आली ती मी सासरी पाठवणी होणाऱ्या मुलींच्या चेहऱ्यावरही पाहिली नव्हती. आई म्हणाली, "बघ, सूर्यास्त किती छान!" मुलगी म्हणाली, "हं." संपूर्ण सफरीत ती याहून अधिक बोलल्याचं मी ऐकलं नाही. म्हणजे तीनच्या आधी मुलाला काही कळत नाही आणि तेराच्या पुढे आपल्याला काही कळत नाही, असंच त्याला वाटत असतं.

इथवर हिशोब फक्त मुलाचा झाला. कोजागिरीला आम्ही एवढाच करत होतो आणि तिथेच तो अर्धा राहत होता. उरलेला अर्धा लक्षद्वीपला समजला.

प्रवाळाच्या उथळ पाण्यामुळे मोठं जहाज बेटाला लागत नाही. ते दूर उभं राहतं आणि छोट्या होडीने किनारा गाठायचा. जहाजाच्या पोटातलं दार उघडतं, समोर होडी वरखाली होत असते आणि दोन खलाशी हात पुढे करून उभे असतात. माणसं भांबावतात. पुण्याचे एक काका पाऊल उचलायचे आणि मागे घ्यायचे. सासूबाई बाहत्तर वर्षांच्या, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या. मी म्हटलं, "आई, राहू दे, आपण जहाजावरच थांबू." त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. नातवाचा हात धरला आणि म्हणाल्या, "खाली बघू नको. होडी वर आली की पाय टाक. आता!" दोघंही एका लाटेवर होडीत उतरले. देवगडच्या बंदरात शिकलेली विद्या इतक्या वर्षांनी नातवाला पोचली, आणि ती दुसऱ्या कोणालाही देता आली नसती. छकुलीला ती घेता आली नसती, चौदा वर्षांच्या मुलीने ती घेतली नसती, आणि आणखी काही वर्षांनी सासूबाईंना ती देता येणार नाही. परतल्यावर त्यांनी रात्रभर गुडघे शेकले.

म्हणून माझं मत आता ठरलं आहे. कुटुंबाच्या क्रूझचं वय एकट्या मुलाच्या दाखल्यावर बघायचं नसतं. नातवाचे पाय भरवशाचे झालेत आणि आजीचे अजून आहेत, अशी चार-पाच वर्षं प्रत्येक घरात येतात. तीच ती वेळ. त्याआधी गेलात तर लिफ्टमध्ये दिवस जाईल, नंतर गेलात तर आजी बाल्कनीतून हात हलवेल.

तरी शंका असेल तर आधी चाचणी घ्या. गेटवेहून घारापुरीला लाँचने तासाभरात जाता येतं. भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला २०२० पासून गाडीसकट नेणारी रो-रो आहे. दापोलीकडे गेलात तर दाभोळ-धोपावे फेरी आहे. एवढ्यात मुलाचं पोट, आजीचे गुडघे आणि बाबांचा संयम, तिन्ही कळून येतात. पावसाळा संपला की समुद्र निवळतो आणि डिसेंबर-जानेवारीत तो सगळ्यात शहाण्यासारखा वागतो. बुकिंग करताना मुलाची जन्मतारीख विचारतात, आजीच्या गुडघ्यांबद्दल कोणी विचारत नाही. ते तुम्हीच विचारा, आणि याच हिवाळ्यात विचारा.