निळी, तांबडी, पांढरी

जुलैच्या मध्यावर आयोवातला मका तुऱ्यावर येतो आणि हवा अशी ओथंबते की तिथली माणसं सहज म्हणतात, मक्याला घाम फुटलाय. यात थट्टा फार थोडी आहे. क्षितिजापर्यंत उभी असलेली ती ताटं मुळांनी ओढलेलं पाणी पानांवाटे हवेत सोडत असतात आणि ते येऊन आपल्या सदऱ्याला चिकटतं. घाम पिकाला, आणि शेतकरी वातानुकूलित ट्रॅक्टरमध्ये गारेगार. आयोवात काउंट्या ९९, प्रत्येक काउंटी साधारण आपल्या तालुक्याएवढी, आणि याच घामट दिवसांत काउंटी-काउंटीतून जत्रा भरतात. लेक एम्सला राहते म्हणून आमच्या वाट्याला आली ती स्टोरी काउंटीची जत्रा. ‘स्टोरी’ हे एका न्यायमूर्तींचं आडनाव, त्यात गोष्ट वगैरे काही नाही, हे कळल्यावर मी जरा हिरमुसलो होतो. जत्रेच्या गावाचं नाव नेवेडा. स्पेलिंग त्या वाळवंटी राज्याचंच, पण उच्चार गावानं स्वतःचा राखलेला; पाहुण्यानं दुसरा केला की तिथली म्हातारी माणसं तो नातवंडाच्या सदऱ्याचं बटण लावावं तितक्या मायेनं नीट करून देतात.

जत्रा म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे पुसेगाव येतं. सेवागिरी महाराजांचा नोटांनी मढलेला रथ, धुरळा, आणि माळावर पसरलेला जनावरांचा बाजार. नेवेडाला पाळणे होते, तळलेलं काहीबाही होतं, पण आमची नात आम्हांला त्यातून ओढत घेऊन गेली ती एका लांबलचक पत्र्याच्या इमारतीत. आत टेबलंच टेबलं. टेबलावर कागदी बशा, बशीत प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलेल्या मोजक्या कुकीज. पलीकडे पक्ष्याचं लाकडी घरटं, जरा तिरक्या छताचं. एका मुलानं आजोबांच्या कोठारातली खुर्ची घासून-पुसून नवी केली होती आणि शेजारी तिचा जुना फोटो लावला होता, मुलगी दाखवायच्या काळात लावत तसा. भाज्यांच्या टेबलापाशी मी बराच वेळ रेंगाळलो. तिथला दंडक असा की बशीत ठरावीक नगच ठेवायचे आणि ते रंगानं, आकारानं, वजनानं एकसारखे हवेत. तीन टोमॅटो ओळखपरेडीला उभे केल्यासारखे बसले होते. निसर्गानं उभ्या उन्हाळ्यात दोन टोमॅटो सारखे केलेले नसतात, आणि हे दहा वर्षांचं पोर वाफ्यात वाकून तिळे शोधत फिरलेलं असतं. अतिशय मोठा टोमॅटो इथे बाद होतो. त्याला जोडीदार मिळत नाही.

ही सगळी करामत फोर-एच नावाच्या मुलांच्या मंडळांची. डोकं, हृदय, हात आणि आरोग्य या चारांची इंग्रजी आद्याक्षरं चार पानांच्या हिरव्या क्लोव्हरवर लिहिलेली. १९०२ मध्ये ओहायोतल्या क्लार्क काउंटीत ए. बी. ग्रॅहम या शाळा-अधीक्षकानं पोरांना जमवून असं एक मंडळ काढलं, तिथून या चळवळीचा उगम धरतात. पण आयोवाच्या माणसाला विचाराल तर तो पेज काउंटीतल्या जेसी फील्ड या शिक्षिकेचं नाव आधी घेईल. क्लोव्हरचा बिल्ला तिनं आधी काढला तेव्हा पानं तीनच होती. चौथं आलं तेव्हा त्यावर ‘हसल’ म्हणजे धडपड लिहावी असं घाटत होतं. पुढे धडपड गेली आणि आरोग्य आलं, हे बरंच झालं. धडपडीची शपथ घ्यायला लावणारी मंडळं पुढे मोठेपणी भेटतातच.

पण मंडळं मुळात निघाली ती काही मुलांच्या कोडकौतुकासाठी नव्हे. कृषी महाविद्यालयांतली मंडळी नवं बियाणं, नवी पद्धत घेऊन शेतकऱ्याकडे जात, आणि शेतकरी त्यांच्याकडे आपल्याकडचा शेतकरी सरकारी प्रात्यक्षिकाच्या प्लॉटकडे बांधावरून बघतो तसा बघे. मग त्यांनी बापाला सोडलं आणि पोराला धरलं. एक एकर तुझा, तू आमच्या पद्धतीनं मका कर. १९१० मध्ये साउथ कॅरोलायनातल्या जेरी मूर नावाच्या मुलानं आपल्या एकरात २२८ बुशेलांहून जास्त मका काढला. त्या काळी देशाची सरासरी तिशीलाही पोचत नव्हती. त्याच राज्यात मरी क्रोमर या शिक्षिकेनं मुलींना एकराचा दहावा हिस्सा देऊन टोमॅटो लावायला आणि डबाबंद करायला शिकवलं. त्या वर्षी जेवणाच्या टेबलावर किती बापांना मान खाली घालून मुकाट जेवावं लागलं असेल, याची कल्पना करायला मला आवडतं. पुढे १९१४ च्या कायद्यानं विद्यापीठांच्या विस्तार-सेवेत हे काम रीतसर बसलं, आणि आज त्या हिरव्या क्लोव्हरला खुद्द केंद्राच्या कायद्याचं संरक्षण आहे. इतक्या मोठ्या छत्राखाली बसलेल्या त्या कुकीज पाहून मला त्यांच्याबद्दल जरा आदरच वाटायला लागला.

तर या कुकीजचं परीक्षण. परीक्षक म्हणजे टेबलापलीकडे बसलेल्या एक प्रौढ बाई, नाकावर चष्मा, हातात सुरी. समोर खुर्चीत पोर. बाई मफिन मधोमध कापतात आणि आत पाहतात. पीठ जास्त घोटलं गेलं की मफिनमध्ये उभे बोगदे पडतात. बाईंना त्या बोगद्यांवरून पोराचा सगळा रविवार वाचता येतो. मग त्या विचारतात, तुझं उद्दिष्ट काय होतं? ते कसं साधलंस? पुन्हा केलंस तर काय वेगळं करशील? पोरानं हे सगळं आधी एका कागदावर लिहून आणलेलं असतं. बँकेत असताना दर मार्चला आम्हीही स्व-मूल्यमापनाचा तक्ता भरत असू, आणि ‘त्रुटी’ या रकान्यात सगळी शाखा एकमुखानं ‘कामात स्वतःला फार झोकून देतो’ असं लिही. इथे एका मुलानं लिहिलं होतं की पुढच्या वेळी मी ओव्हनचं दार सारखं उघडून बघणार नाही. इतका नेमका पश्चात्ताप मी कुठल्याही वार्षिक अहवालात वाचलेला नाही.

बक्षिसांची रीत तर आणखी मुलखावेगळी. तिला डॅनिश पद्धत म्हणतात. पोरांची एकमेकांशी तुलना करायचीच नाही. प्रत्येक वस्तू एका ठरलेल्या कसोटीला लावायची आणि उतरेल तशी निळी, तांबडी किंवा पांढरी फीत द्यायची. त्यामुळे एका टेबलावर सगळ्याच फिती निळ्या असू शकतात, आणि एखाद्या वर्षी एकही नसू शकते. फारच उत्तम काही असेल तर जांभळी. ज्या देशात हॉट डॉग खाण्याचेही विजेते निघतात तिथे कुणीतरी शांतपणे ठरवलं की मफिनची स्पर्धा शेजारच्या मफिनशी नाही, चांगल्या मफिनच्या कल्पनेशी आहे. प्लेटोला हे फार आवडलं असतं. आमच्या नातीच्या वर्गातल्या मुलांना ते मुळीच आवडत नाही. कुणाला कुठली फीत मिळाली हे सगळ्यांना पाठ असतं.

नातीनं एप्रन शिवला होता. ‘शिवला होता’ म्हणजे आमच्या हिच्या देखरेखीखाली, जेवणाच्या टेबलावर, बऱ्याच रुसव्या-फुगव्यांनंतर. ही आयुष्यभर घरी शिलाई करत आली. गल्लीतल्या दोन पिढ्यांच्या बायकांचे ब्लाउज हिच्या मशीनखालून गेले. नातीला तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की उलट्या बाजूला दोरा लोंबता कामा नये, आणि नात म्हणाली होती, “पण आजी, ती बाजू दिसत नाही ना कुणाला!” हिनं काही उत्तर दिलं नव्हतं, फक्त शिलाई उसवून हातात दिली होती.

परीक्षक बाईंनी एप्रन हातात घेतला आणि सर्वांत आधी तो उलटा केला. पुढून कसा दिसतो ते पाहिलंच नाही. बोट शिवणीवरून फिरवलं, दुमड चाचपली, दोरे पाहिले, मग खिशाच्या कोपऱ्यांवरची त्रिकोणी टीप बघून विचारलं, ही कशासाठी? नात म्हणाली, लोक खिशात मावतं त्यापेक्षा जास्त कोंबतात, म्हणून. बाई हसल्या नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं. मागे बाकावर बसलेली ही माझ्याकडे झुकून हळूच म्हणाली, “आतून बघितलं हिनं.” मग जरा वेळानं म्हणाली, “इतकी वर्षं शिवलं, बायका आरशात बघून पैसे देऊन गेल्या.” मी काय बोलणार? मी त्या काळात घराबाहेर पडताना माझ्या शर्टाची उलटी बाजू कधी पाहिली होती?

फीत तांबडी मिळाली. गळ्याच्या पट्ट्याला पीळ पडला होता. नातीचा चेहरा पडला, लेकीचा त्याहून जास्त, आणि मी परकीय भूमीवर निषेधाचे शब्द जुळवायला लागलो. ही मात्र म्हणाली, “बरोबर आहे बाईंचं. मलाही दिसला होता, म्हटलं बघू तिला दिसतो का.” त्या दोघी बायकांना एकमेकींची भाषा येत नव्हती. जाता जाता हिनं त्यांना नमस्कार केला आणि त्यांनी हिच्या ब्लाउजच्या बाहीची किनार दोन बोटांत धरून, किंचित उलटून पाहिली आणि मान हलवली. मला वाटतं ती निळी होती.

गोठ्यांकडे गेलो तेव्हा ऊन कलतं होतं. मोठमोठे पंखे, खाली लाकडाचा भुसा, आणि तिथे मुलं आपापल्या गोऱ्ह्यांना न्हाऊ-माखू घालून यंत्रानं केस वाळवत होती. गोऱ्हे म्हणजे ६०० किलोच्या आसपासचे, काळेभोर, पाठ सरळ सपाट. वशिंड नाही. वशिंडाशिवाय बैल मला अजून अर्धवट उभारलेल्या देवळासारखा वाटतो, पण सांगतो कुणाला. एक मुलगी आपल्या वासराच्या पोटावर डोकं टेकून गाढ झोपली होती आणि वासरू ती उठू नये म्हणून कान हलवायचं थांबलं होतं. निदान मी तसं मानून घेतलं. डुकरांच्या कप्प्यांवर मी कोळ्यांची जाळी आहेत का ते पाहिलं. ई. बी. व्हाइटच्या १९५२ च्या गोष्टीत अशाच काउंटीच्या जत्रेत एका कोळिणीच्या कृपेनं डुकराचा जीव वाचतो. इथे जाळी नव्हती, सगळं स्वच्छ होतं.

आणि म्हणूनच शेवटचा दिवस अवघड असतो. त्या दिवशी लिलाव. मुलानं वर्षभर वहीत वैरणीचा खर्च, रोजची वाढ, औषधपाणी असं सगळं मांडलेलं असतं. गोऱ्ह्याला नाव ठेवल्याची नोंद करायला मात्र रकाना नसतो. लिलाववाला एका दमात न थांबता आकडे गातो. गावातला बियाणंवाला, बँकवाला मुद्दाम बाजारभावाहून चढी बोली लावतो, कारण पोराला तो अंगणात रांगताना ओळखत असतो. पोर रिंगणात ताठ उभं राहून परीक्षकाकडे बघत राहायचं शिकलेलं असतं, ते इथे उपयोगी पडतं. मग दाराबाहेर गेल्यावर ते जनावराच्या मानेत तोंड खुपसतं आणि आई-बाप बराच वेळ दुसरीकडे बघतात. घरी गेल्यावर बोली लावणाऱ्याला स्वहस्ते आभाराचं पत्र लिहायचं असतं, हाही नियमच.

पुसेगावच्या बाजारात बोली अशी मोठ्यानं होत नसे. हेड्या आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली बोटं धरत, आणि भाव त्या अंधारातच ठरे. माझ्या आजोबांनी म्हातारा बैल विकला तेव्हा मी बरोबर होतो. त्यांनी पैसे मोजून घेतले, बैलाच्या कपाळावरून हात फिरवला, आणि दावं सोडून स्वतःच्या खांद्यावर टाकलं. दावं द्यायचं नसतं, एवढंच म्हणाले. नेवेडाला ट्रकपाशी एक हडकुळा मुलगा उभा होता. त्यानं गोऱ्हा चढवला, तोंडावरची चामडी म्होरकी सोडवून घेतली, आणि ती गळ्यात अडकवून लिंबूपाण्याच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

परत येताना गाडीत नातीनं जाहीर केलं की पुढच्या वर्षी ती ससा पाळणार. लेक म्हणाली, इथल्या सोसायटीचे नियम कडक आहेत, सशाला परवानगी मिळणार नाही. हे ऐकून मी सावरून बसलो. पुण्याला आमच्या सोसायटीचा मी बरीच वर्षं सेक्रेटरी होतो. कुत्रा, कबुतरं, गच्चीवरची मधमाश्यांची पोळी, सगळ्यांवर मी पत्रव्यवहार केलेला आहे. अर्जाचा मसुदा मी एम्स येईपर्यंत मनात तयारही केला. नात तिच्या कागदावर उद्दिष्ट काय लिहायचं या विचारात होती. ही इतका वेळ खिडकीबाहेर मका बघत बसली होती. म्हणाली, “पिंजऱ्याला उन्हासाठी पडदा लागेल. आपण शिवू. पण या वेळी अस्तर लावायचं.”

“सशाला कशाला अस्तर?” मी म्हटलं.

“तो आत बसणार ना,” ही म्हणाली, “त्याला उलटीच बाजू दिसणार.”