धोका आढळला नाही

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीचे खजिनदार अप्पा मुदतीच्या बाबतीत फार कडक. लिफ्टची एएमसी संपायच्या महिनाभर आधी त्यांचं पत्र गेलेलं असतं. जिन्यातल्या आग विझवायच्या लाल सिलिंडरवरची रिफिलची तारीख ते चष्मा कपाळावर चढवून, नाक लावून वाचतात. दुधाच्या पिशवीवरचीही वाचतात. अशा माणसाच्या कॉम्प्युटरवर 2013 साली लॅमिंग्टन रोडवरून आणलेला अँटीव्हायरस अजून ठाण मांडून बसलाय, हे सांगून कुणाला पटत नाही.

त्याची मुदत वर्षाचीच होती. ती संपली तशी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात लाल चौकट उगवू लागली. अप्पांनी आधी 'नंतर आठवण करा' म्हणून तिला टोलवलं. मग वैतागून मॉनिटरच्या त्याच कोपऱ्यावर टँकरवाल्याचा नंबर लिहिलेली चिठ्ठी चिकटवली. आता चौकट चिठ्ठीमागे उगवते आणि चिठ्ठीमागेच मावळते.

"अप्पा, पैसे भरून अपडेट तरी करा," असं कुणी म्हटलं की अप्पा शर्टाची बाही वर सारतात. दंडावर देवीच्या लशीचा वण. "ही एकदाच टोचली. आल्या का देवी?"

समोरचा गप्प. देवी जगातूनच हद्दपार झाल्याचं 1980 मध्ये जाहीर झालंय, हे त्या वणापुढे बोलायचं कुणी? कॉम्प्युटरचे व्हायरस मात्र रोज नवे निघतात. माहीत असलेल्या व्हायरसांच्या खुणांची यादी जवळ ठेवायची आणि आलेली फाइल तिच्याशी ताडून पाहायची, हे अँटीव्हायरसचं मुख्य काम. अप्पांच्या यादीत 2014 नंतर नवं नाव चढलेलं नाही.

विंडोजही त्याच पिढीची, एक्सपी. मायक्रोसॉफ्टने 8 एप्रिल 2014 ला तिचा सपोर्ट थांबवला. आता दुरुस्त करण्यासारखं काही उरलेलंच नाही, असा अप्पांनी त्याचा अर्थ लावला. शिवाय नव्या विंडोजवर वार्षिक सभेच्या नोटिशीचा जुना मराठी फॉन्ट चालत नाही. (इथे मी अप्पांच्या बाजूचा आहे. सगळ्या जोडाक्षरांच्या जागी चौकोन आलेली नोटीस वाचून कोण सभेला येणार?)

जून 2017 मध्ये 'नॉटपेट्या' नावाच्या व्हायरसने न्हावाशेव्याच्या बंदरातलं एक टर्मिनल बंद पाडलं. तो ज्या भगदाडांतून पसरला त्यातलं एक बुजवायचा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच काढला होता. अप्पांचा भाचा क्लिअरिंग एजंटकडे. त्याचे कंटेनर अडकले, तेव्हा त्याने मामांना कळकळीने सगळं समजावलं. अप्पांनी ऐकून घेतलं. "मोठ्यांकडे जातो रे तो. आपल्याकडे काय आहे? मेंटेनन्सची थकबाकी. घेऊन जा म्हणावं."

तरी अप्पांना निष्काळजी म्हणायची सोय नाही. दर शनिवारी आंघोळ उरकून ते स्कॅन लावतात आणि हिरवी पट्टी शेवटाला पोचेपर्यंत खुर्चीवरून हलत नाहीत. 'धोका आढळला नाही' असा शेरा आला की त्याची प्रिंट काढून, पंच करून, सही-शिक्क्यासह फाइलला लावतात. वार्षिक सभेत ही फाइल फिरवली जाते. सभासद तोंडभर कौतुक करतात, कारण त्यानंतर चहा असतो.

यंदा हिशेबाचा पेनड्राइव्ह उघडला तर आतल्या फोल्डरांचे नुसते शॉर्टकट झालेले. अप्पांनी लगेच स्कॅन केला. धोका आढळला नाही. प्रिंट काढली, पेनड्राइव्हला रबरबँडने बांधली आणि दोन्ही ऑडिटरकडे नेऊन दिली. तिथल्या लॅपटॉपमध्ये तो घालताच लॅपटॉपने असा आकांत मांडला की ऑडिटरनी घाबरून तो उपसून काढला.

"तुमचं सॉफ्टवेअर कधीचं?" अप्पांनी विचारलं.

"आज सकाळीच अपडेट झालंय."

"तरीच. नवीन आहे, अनुभव नाही," अप्पा म्हणाले आणि आपली सीडी कॉपी करून द्यायची तयारी दाखवली.