माणशी पावणेचार लिटर

लातूरचा माणूस परगावी गेला की त्याला दोनच प्रश्न विचारतात : बारावीला किती पडले आणि पाणी येतं का. २०१८च्या उन्हाळ्यात मुंबईतल्या एका स्वयंसेवी संस्थेत इंटर्नशिपसाठी मुलाखत झाली, तेव्हा पहिल्या प्रश्नाला बगल देऊन मी दुसऱ्याचं भांडवल केलं. संस्था गोवंडीच्या एका वस्तीत पाण्याची पाहणी करणार होती. "ताई, मी लातूरचा," एवढंच म्हणालो आणि चेहरा असा केला, जणू २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आलेली पाण्याची रेल्वे मीच हात दाखवून थांबवली होती. दहा वाघिणी, पाच लाख लिटर, आकडे तोंडपाठ होते. ताईंनी मान डोलावली. निवड झाली.

खरं सांगायचं तर त्या टंचाईत मी एक घागरसुद्धा उचललेली नव्हती. बारावी नुकतीच झाली होती, प्रवेश परीक्षा तोंडावर होती, आणि लातूर पॅटर्नच्या घरात परीक्षेचा पोरगा म्हणजे देव्हाऱ्यातला बाळकृष्ण. त्याला आंघोळ घालतात, पाणी भरायला लावत नाहीत. टँकर आला की आई, बाबा आणि धाकटी बहीण धावायची. मी खिडकीतून "जरा हळू भांडा, अभ्यास चाललाय" म्हणायचो. बाळकृष्ण पुढे डॉक्टर झाला नाही, समाजकार्याच्या पदवीला गेला, हा भाग वेगळा.

मुंबईत कुर्ल्याला कॉट बेसिसवर जागा मिळाली. कॉट बेसिस म्हणजे भाडं कॉटचं. वरचा पंखा आणि शेजारच्या कॉटवरचं घोरणं सामायिक. नळाला पहाटे साडेचारला पाणी येतं नि साडेपाचला जातं, असं ऐकून होतो. पाहिलं कधी नाही. मी सातला उठायचो तेव्हा पिंप भरलेलं असायचं. ते कोण भरतं, हा प्रश्न पाण्याच्या अभ्यासकाला पडला नाही.

कुर्ल्याहून गोवंडी हार्बरवरचं तिसरं स्टेशन. पहिल्या दिवशी गर्दीने मला तिथे उतरू दिलं नाही. मानखुर्दला मी चुकीच्या दाराशी उभा होतो. मग गाडी खाडीच्या पुलावर चढली, दोन्ही बाजूंना पाणीच पाणी, आणि मी जिल्हा बदलून वाशीला उतरलो. ऑफिसात फोन करून सांगितलं, "ताई, जरा परिसर बघून घेतोय."

पाहणीचा फॉर्म बेचाळीस प्रश्नांचा होता. मूळ इंग्रजी, मराठी मी केलेलं, त्यामुळे कुणालाच कळेना. 'आपल्या कुटुंबाचा पेयजलाचा प्राथमिक स्रोत कोणता?' असं वाचून दाखवल्यावर पहिल्याच घरातल्या बाईंनी विचारलं, "भैया, ये पेयजल कोई दवाई है क्या?" एकतिसावा प्रश्न माझा लाडका होता : 'घरात पाण्याची नासाडी होते का? होय / नाही.' सगळे 'नाही' म्हणायचे. मी 'नाही'वर खूण करायचो आणि बाजूला पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह काढायचो. आमची करडी नजर.

चौथ्या की पाचव्या घरात एक आजी भेटल्या.

"कुठलं हायस लेकरा?"

"लातूर."

"आमी औशाकडचं. भात्तरच्या दुष्काळात आलाव." त्यांनी दारातला रिकामा निळा कॅन आडवा केला. "बस. काय लिवलालास?"

मी त्या कॅनवर ऐसपैस बसलो आणि विचारलं, "घरात किती माणसं? रोज किती पाणी लागतं?"

"सहा जणं. पाच गॅलन."

मला भरून आलं. औशाची आजी, मोजते मात्र गॅलनमध्ये! शेचाळीस वर्षं मुंबईत काढल्यावर होणारच, म्हणालो. अख्खी गल्लीच गॅलनमध्ये बोलत होती. दोन आठवडे मी दारोदार कॅनवर बसून गॅलन लिहून घेतले.

रात्री कॉटवर हिशेब मांडला. गॅलन दोन प्रकारचे असतात, हे कळल्यावर तर अभ्यासाला खोली आल्यासारखं वाटलं. अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश ४.५४६ लिटरचा. कोणता धरावा? मुंबईवर राज्य ब्रिटिशांचं होतं, म्हणून ब्रिटिश धरला. तळटीप दिली. आजींच्या घराचे पाच गॅलन म्हणजे पावणेतेवीस लिटर, भागिले सहा : माणशी पावणेचार लिटर. बाकी घरंही त्याच्याच मागेपुढे. शहरासाठी सरकारी निकष माणशी रोज १३५ लिटर! मी ताडकन उठून बसलो, डोकं वरच्या फळीवर आपटलं. अहवालाच्या प्रस्तावनेत मुंबईला पाणी देणारे सातही तलाव नावानिशी घातले, विहार १८६०चा हेही घातलं, आणि शेवटी १३५चा उंच खांब आणि त्याच्या पायाशी पावणेचारचं ठिपक्याएवढं ठोकळं, असा तक्ता काढला. तो पाहून देणगीदारांच्या डोळ्यांत पाणी येईल, एवढी माझी खात्री होती.

बैठकीत ताई त्या तक्त्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"पावणेचार लिटर तर या दिवसांत प्यायलाच लागतं रे. हे लोक आंघोळ करतात ना?"

"तसा रकाना नव्हता, ताई."

वस्तीतच राहणारी आमची एक कार्यकर्ती कोपऱ्यात बसली होती. तिने आधी ओढणी तोंडाशी धरली, मग तिला ते जमेना.

"ताई, गॅलन म्हणजे तो निळा कॅन. पस्तीस लिटरचा. वर छापलेलं असतं." आणि माझ्याकडे बोट करून, "हा रोज त्याच्यावरच तर बसत होता!"

ब्रिटिशांची तळटीप ताईंनी मोठ्याने वाचली. ते त्यांनी करायला नको होतं. सहा जणांत पाच कॅन म्हणजे माणशी एकोणतीस लिटर, हा हिशेब त्यांनी तोंडी केला. आकडा तरीही लाजिरवाणाच होता, पण आता लाजेचे वाटेकरी दोघे होते, शहर आणि मी.

दुसऱ्या दिवशी फॉर्म दुरुस्त करायला पुन्हा गल्लीत पाठवलं. आजींना सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "गॅलन बगायचाय? चल," म्हणाल्या आणि गल्लीच्या टोकाला घेऊन गेल्या. पाच रुपये देऊन पाइपने कॅन भरून घेतला. "उचल."

पस्तीस लिटर पाणी म्हणजे पस्तीस किलो, हे मी शाळेत शिकलो होतो. हातांना कुणी सांगितलं नव्हतं. दोन्ही हातांनी कवटाळून, पोटावर घेऊन, बदकासारखा मी निघालो. मागून दहा-बारा वर्षांची एक पोरगी तसाच कॅन खांद्यावर टाकून मला ओलांडून गेली. आजींच्या दारापासून चार पावलांवर गटाराची लादी हलली. झाकण उडालं. मी कॅन धरला, पण आडवा. गळगळ करत अर्ध्याहून जास्त पाणी गटारात गेलं.

आजींनी कॅन उभा केला, आतलं पाणी निरखलं.

"कागुद हाय का तुज्यापाशी?"

"आहे, आजी."

"ते इचारलालतास न्हवं, नासाडी व्हती का म्हून? काड ते. लिव आता, व्हय."

मी ओल्या हाताने एकतिसाव्या प्रश्नातलं 'नाही' खोडलं.